उलार गाडी आणि मऊ स्प्रिंग

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझा पुतण्या पुण्याहून दिग्रसला आला. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा आमच्या वहिनी ओसरीवर कापसाच्या वाती वळत होत्या. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "चारही टायरांत हवा नाही का रे?" हवा होती. गाडी खाली बसवलेली होती. चाकांच्या वरच्या कमानीत एरवी चार बोटं सहज जातात, तिथं जेमतेम दोन जात होती. रात्री जेवणं झाल्यावर पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं असल्यामुळे घरात कुठलंही यंत्र बिघडलं की ते माझ्याकडे येतं, तसाच हा प्रश्न आला. "काका, स्प्रिंगा कापून घेतल्यात. आता सगळे म्हणतात, कापायच्या नव्हत्या, मऊ घ्यायच्या होत्या. ड्रॅगसाठी मऊ बरी की कापलेली?"

ड्रॅग म्हणजे सरळ रेषेतली मोटारशर्यत. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात, आणि पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर कोण आधी कापतं ते पाहायचं. वळण नाही, चढ नाही, सुरुवात थांबलेल्या अवस्थेतून. अमेरिकेत या खेळाला १९५१मध्ये स्थापन झालेल्या एका संघटनेनं शिस्त लावली. आपल्याकडे तो बहुतेक विमानांच्या धावपट्ट्यांवर होतो, कारण तेवढी सरळ, सपाट आणि रिकामी जागा दुसरीकडे मिळत नाही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात अशा शर्यती झाल्या आणि महाराष्ट्रातल्या पोरांना हे वेड लागलं. पुतण्यालाही अशाच एखाद्या शर्यतीत उतरायचं होतं.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर लगेच देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दारव्हा रोडवरच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी दाखवायला नेली. मिस्त्रीनं वाकून खाली पाहिलं, मागची डिकी दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि मला विचारलं, "सर, बंडी हाकलीत का कधी?" हाकली होती. "मंग उलार अन् धुरजड तुमाले का सांगाव? तेच हाये हे."

हा लेख त्या एका वाक्याचा विस्तार आहे. इंग्रजीत ज्याला भार सरकणं म्हणतात आणि ज्यासाठी मराठी पाठ्यपुस्तकांत धड शब्द नाही असं मी वर्गात सांगत आलो, त्यासाठी आपल्या शेतकऱ्याकडे एक सोडून दोन शब्द होते.

दोन चाकांची बंडी आसावर तोललेली असते. कडबा मागे जास्त भरला की साटा मागे झुकतो, धुरा वर उठतात आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. ही बंडी उलार झाली. पुढे जास्त भरला की सगळं ओझं जुवावर येतं, बैल वाकतात. ही धुरजड. बंडी भरणारा माणूस अंदाजानं एक पेंढी पुढे, एक मागे सरकवत राहतो. बैलांच्या खांद्यावर थोडा भार हवा, पण फार नको. कासरा हाती घेऊन बसलेला धुरकरीही चढावर पुढे सरकतो, उतारावर मागे रेलतो. कुणी त्याला सूत्र शिकवलेलं नसतं.

आणि ड्रॅग रेस तरी आपल्याला कुठे परकी आहे? आमच्या वऱ्हाडात शंकरपट म्हणतात तो दुसरं काय आहे? पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीचा तो इकडचा भाऊ. हलका छकडा, दोन निवडक बैल, सरळ पट्टी. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारीशेजारी सोडतात, काही ठिकाणी एकेक जोडी सोडून घड्याळ लावतात आणि सेकंदाच्या अपूर्णांकावर निकाल लागतो. लहानपणी वडिलांनी मला अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट दाखवायला नेलं होतं. मला बैल आठवत नाहीत, धूळ आठवते, आणि जोडी सुटायच्या क्षणी छकड्याला बसलेला हिसका आठवतो. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. बैलांच्या छळाचा प्रश्न खरा आहे आणि मी तो इथं झटकून टाकत नाही; पण माझा विषय त्या हिसक्यापुरताच आहे.

हिसका बसतो तेव्हा काय होतं? एस.टी. सुटली की उभा प्रवासी मागे कलतो. गाडीही तशीच मागे कलते. तिचं वजन वाढत नाही की घटत नाही, पण पुढच्या चाकांवरचं थोडं ओझं मागच्या चाकांवर जातं. म्हणजेच गाडी सुटली की ती क्षणभर उलार होते. किती ओझं सरकतं हे चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, ती किती जोरात सुटते, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर किती आहे. पहिल्या तिघांचा गुणाकार करून चौथ्यानं भागायचं, झालं.

आता या चौघांत स्प्रिंग कुठे आहे? नाहीच. हे मी त्या रात्री वहीत मांडलं तेव्हा मलाही थोडं चमकायला झालं. गाडी स्थिर वेगवाढीनं धावत असताना मागे सरकलेलं ओझं स्प्रिंग मऊ असो, कडक असो, की स्प्रिंगच्या जागी लाकडाचा ठोकळा असो, तेवढंच राहतं. स्प्रिंग फक्त एवढंच ठरवते की ते ओझं सरकताना गाडी किती झुकेल आणि सरकायला किती वेळ लागेल. स्प्रिंगेमुळे गाडी खाली बसली तर गुरुत्वमध्याची उंची कमी होते आणि तेवढ्यापुरता तिचा हिशेबात शिरकाव होतो. पण तो आडवाटेनं.

आकडे घेऊ. चालक धरून १००० किलोची छोटी गाडी, चाकांतलं अंतर २.४५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर. हे अंदाजे आकडे आहेत, पण आपल्या रस्त्यांवरच्या कुठल्याही लहान गाडीच्या जवळपासचे. गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या वेगवाढीनं सुटली तर ११२ किलो ओझं पुढून मागे जाईल. आता गाडी ४ सेंटिमीटर खाली बसवली. तेच गणित पुन्हा करा: १०४ किलो. फरक आठ किलोंचा.

आठ किलो. एवढ्यासाठी ग्राइंडर फिरवला होता.

पण आठ किलो फायद्याचे की तोट्याचे, हे अजून ठरायचं आहे. आणि इथं उलार-धुरजडीची खरी मदत होते. बंडीत ओढणारे पुढे असतात. पुतण्याच्या गाडीतही इंजिन पुढच्याच चाकांना फिरवतं, म्हणजे बैल पुढे जुंपलेले. अशा गाडीचा पुढचा भाग थांबलेला असताना जड असतो, समजा ६०० किलो. सुटताना त्यातले ११२ गेले, उरले ४८८. बैलांच्या खुरांना जमिनीत रुतायला जेवढा भार हवा तेवढा नसला की ते जागच्या जागी घसरतात. तशीच ही चाकं गरगर फिरतात, रबर जळतं, गाडी जागची हलत नाही. ती खाली बसवली की पुढे ४९६ किलो उरतात. फायदा आहे, पण आठ किलोंचाच.

जुन्या पद्धतीच्या गाडीत, अँबॅसडरमध्ये, प्रीमियर पद्मिनीत, जीपमध्ये, इंजिन पुढे असूनही जोर मागच्या चाकांवर. तिथं बैल मागून ढकलतात. अशा गाडीला सुटताना उलार होणं हवंच असतं, कारण पुढून निघालेला प्रत्येक किलो मागच्या चाकांना जमिनीवर दाबतो. तिला खाली बसवली तर तेच आठ किलो हातचे जातात.

म्हणून "ड्रॅगसाठी गाडी खाली बसवावी का" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ओढणारी चाकं कुठली, हे आधी विचारावं लागतं. मला वाटतं, गोंधळाचं मूळ इथं आहे. हा खेळ अमेरिकेत वाढला तो मागच्या चाकांवर जोर असलेल्या गाड्यांवर. तिकडचा सल्लाही त्याच गाड्यांसाठी होता. आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि बैल पुढे गेले. सल्ला मात्र जुनाच फिरत राहिला.

तिकडचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९६०च्या सुमारास तिथली पोरं जुन्यापुराण्या गाड्या शर्यतीसाठी तयार करीत. त्यांत विलिसच्या गाड्या फार लोकप्रिय होत्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत ज्या कंपनीच्या जीप जोडायला घेतल्या, तीच ही विलिस. ही पोरं गाडीचं नाक खाली आणायच्या ऐवजी वर चढवत. पुढे जीपसारखा सरळ आस बसवायचा, गाडी बोकडासारखी मान वर करून उभी राहायची. कारण उघड आहे: गुरुत्वमध्य जितका उंच, तितकं ओझं मागे जास्त. प्रकरण इतकं वाढलं की उंचीवर नियमानं मर्यादा घालावी लागली. पुढे १९६५मध्ये क्रायस्लरच्या काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांत मागचा आसच १५ इंच पुढे सरकवला, पुढचा १० इंच. बंडीवाल्याच्या भाषेत सांगायचं तर भरलेला साटा तसाच ठेवून आस खालून पुढे ओढला आणि बंडी मुद्दाम उलार केली. त्या गाड्या इतक्या विचित्र दिसत की लोक त्यांना गमतीच्या गाड्या म्हणू लागले आणि शर्यतीच्या एका वर्गाला तेच नाव चिकटलं.

मग आजच्या सर्वांत वेगवान ड्रॅग गाड्या जमिनीला टेकलेल्या आणि सापासारख्या लांब का असतात? त्यांच्या चाकांमधलं अंतर ३०० इंचांपर्यंत, म्हणजे साडेसात मीटरांहून जास्त असतं. कारण त्यांच्या टायरांची पकड आणि इंजिनाचा जोर एवढा आहे की गाडी आखूड किंवा उंच असती तर पुढची चाकं आकाशात जाऊन ती उताणी पडली असती. उलार होण्यालाही हद्द आहे. पुढचं सगळं ओझं मागे गेलं की आणखी न्यायला काही उरत नाही. त्यापलीकडे गाडी फक्त उलटते. हा प्रश्न आपल्या ८०-९० अश्वशक्तीच्या गाड्यांचा नाही, त्यामुळे त्या गाड्यांचं चित्र पाहून आपली गाडी खाली बसवणं म्हणजे शेजाऱ्याचं औषध घेणं.

आता स्प्रिंगकडे वळू. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७६मध्ये आपला शोध अक्षरं उलटसुलट करून कोड्यासारखा छापला, कुणी चोरू नये म्हणून, आणि १६७८मध्ये कोडं उलगडून सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच की जेवढं ओझं, तेवढी लांबी बदलते. ओझं दुप्पट, तर बदल दुप्पट. एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात, तो त्या स्प्रिंगेचा कडकपणा.

पुतण्याच्या गाडीचं पुढचं एक चाक धरा. चाक, टायर, ब्रेक यांचं वजन स्प्रिंगेवर येत नाही. ते वगळून तिच्यावर साधारण २६५ किलो येतात. मूळ स्प्रिंग मिलिमीटरमागे अडीच किलोची असेल तर गाडी नुसती उभी असताना ती १०६ मिलिमीटर दबलेली असते. गाडी ४० मिलिमीटर खाली आणायचे दोन रस्ते. पहिला, तितक्याच उंचीची पण मऊ स्प्रिंग टाकायची, जी १४६ मिलिमीटर दबेल. तिचा कडकपणा मिलिमीटरमागे सुमारे १.८ किलो येतो. दुसरा, आहे तीच स्प्रिंग कापायची.

बहुतेक लोक, आणि कबूल करतो की थोडा वेळ मीसुद्धा, समजतात की कापलेली स्प्रिंग मऊ होते. ती कडक होते. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली सळई. ओझं आलं की ती सळई पिळली जाते आणि प्रत्येक वेढा आपापला वाटा दबतो. सहा वेढ्यांची स्प्रिंग अडीच किलोची असेल तर एक वेढा कापल्यावर दबणारे पाचच उरले. तेवढंच दबायला आता जास्त जोर लागेल, मिलिमीटरमागे तीन किलो. दहा माणसांनी उचलायचं ओझं आठ जणांवर आलं तर प्रत्येकाची कंबर जास्त वाकते, पण स्प्रिंगेत प्रत्येक वेढ्यावर पूर्ण ओझंच येतं, म्हणून ही उपमा इथं लागू पडत नाही; मी ती वर्गात अनेक वर्षं चुकीची देत होतो. खरी उपमा पायऱ्यांची आहे: प्रत्येक वेढा म्हणजे खाली उतरायची एक पायरी, आणि कापल्यानं एक पायरी कमी झाली.

दोन्ही रस्त्यांनी गाडी तेवढीच खाली बसते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. आत मात्र दोन वेगळ्या गाड्या आहेत.

मूळ गाडीत चाकाला वर सरकायला, म्हणजे रबराच्या ठोकळ्याला जाऊन टेकायला, समजा ८० मिलिमीटर जागा होती. त्यासाठी २०० किलोंचा जास्तीचा दणका लागला असता. खाली बसवल्यावर दोन्ही बाबतींत जागा उरली ४० मिलिमीटर. कापलेल्या कडक स्प्रिंगेला ती संपवायला १२० किलो लागतील, मऊ स्प्रिंगेला जेमतेम ७३. म्हणजे मऊ स्प्रिंगेवर खाली बसवलेली गाडी प्रत्येक खड्ड्यात ठोकळ्यावर आपटणार. आणि ठोकळ्यावर टेकल्यावर स्प्रिंग मऊ राहतच नाही, तिथं ती दगड होते. मऊ हवी म्हणून घेतली आणि सर्वांत कडक झाली, असं हे गाऱ्हाणं.

कापलेलीचं गाऱ्हाणं उलट्या टोकाला आहे. गाडी जॅकवर उचलली किंवा खड्ड्यावरून जाताना चाक हवेत लोंबलं की शॉकअप पूर्ण लांब होतो. मूळ स्प्रिंग तेव्हाही २६ मिलिमीटर दबलेली असते, म्हणून आपल्या वाटीतून हलत नाही. मऊ स्प्रिंगसुद्धा तेवढीच दबलेली राहते, कारण तिची मूळ उंची तीच आहे. कापलेली मात्र त्या जागेपेक्षा ३२ मिलिमीटर आखूड पडते. ती मोकळी होते, खुळखुळते, फिरते, आणि चाक परत खाली टेकताना नेमकी वाटीतच बसेल याची हमी नाही.

हे मी कागदावर लिहीत होतो तेव्हा मिस्त्रीनं जॅक लावलाच. चाक लोंबलं आणि पुढची डावी स्प्रिंग हातानं फिरवता आली. पुतण्यानं ती स्वतः फिरवून पाहिली. पुण्याहून दिग्रसला तो रात्रीतून आला होता, शेवटचे दोन-तीन तास आमच्या इकडच्या रस्त्यांनी. तो काही बोलला नाही, पण उठून हात पुसत बाहेर जाऊन उभा राहिला. तिसराही एक प्रकार गॅरेजांत चालतो, स्प्रिंगेला गॅसनं तापवून बसवायचा. त्यानं पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि ती कधी खचेल किंवा तुटेल ते सांगता येत नाही. लोहारकाम पाहिलेल्या कुणालाही हे समजवावं लागू नये.

मग मऊ स्प्रिंग सर्वस्वी वाईट का? नाही. मागच्या चाकांवर जोर असलेल्या गाडीला पुढच्या बाजूला मऊ स्प्रिंग लावतात त्याला कारण आहे. सुटताना नाक झटकन वर उठतं, ओझं लवकर मागे जातं आणि थोडा वेळ मागेच राहतं. शॉकअपही असा निवडतात की तो सहज लांबतो आणि सावकाश मिटतो. पाव मैलाच्या शर्यतीत पहिले वीस-पंचवीस मीटर फार मोलाचे असतात, म्हणून ओझं किती सरकलं याइतकंच ते कधी सरकलं यालाही महत्त्व. स्प्रिंग बेरीज बदलत नाही, पण वेळ बदलते, असं म्हणता येईल. शिवाय धावपट्टी जुनी, उखडलेली असेल तर मऊ स्प्रिंग चाकाला जमिनीशी धरून ठेवते. कडक असेल तर चाक उड्या मारतं आणि हवेतलं चाक गाडी ढकलत नाही.

पुतण्याच्या गाडीला यातलं बहुतेक उपयोगाचं नव्हतं. बैल पुढे असलेल्या गाडीत नाक उचललं जाऊ नये, अशी धडपड असते. पुढे मऊ स्प्रिंग लावली असती तर सुटताना प्रत्येक पुढच्या चाकावरून ५२ किलो जाऊन नाक २९ मिलिमीटर वर आलं असतं. म्हणजे ४० मिलिमीटर खाली आणलेल्या नाकापैकी बरंचसं ऐन वेळी परत वर. जाणकार लोक अशा गाडीत मागच्या स्प्रिंगा कडक करतात, मागे बसणं थांबवतात, पुढच्या टायरांत हवा थोडी कमी ठेवतात. म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर कापलेलीही नाही आणि मऊही नाही, असं निघालं. बरोबर उंचीच्या, आखूड आणि जरा कडक, शॉकअपसकट जुळवून बनवलेल्या स्प्रिंगा मिळतात. पण त्या घेऊनही पदरात पडणार ते आठच किलो.

मिस्त्री म्हणाला, "सर, स्टेपनी काढा ना." मी त्याच्याकडे पाहत राहिलो. स्टेपनी डिकीत, मागच्या आसाच्याही मागे. ती बंडीच्या मागच्या टोकाला बसलेला पोरगा आहे. स्वतःच्या वजनानं पुढचं टोक उचलतो. १३ किलोंची स्टेपनी आसाच्या अर्धा मीटर मागे असेल तर ती काढल्यावर पुढच्या चाकांवर अडीच किलोंहून थोडं अधिक ओझं येतं, आणि गाडी १३ किलोंनी हलकी होते ती वेगळीच. पैसा शून्य, काम पाच मिनिटांचं, आणि शर्यत झाली की परत ठेवता येते. ग्राइंडरनं मिळवलेल्या आठ किलोंचा तिसरा हिस्सा एका पान्यानं मिळाला. डिकीत पुतण्यानं मोठा स्पीकरचा डबाही बसवला होता. त्याबद्दल मी काही बोललो नाही. मिस्त्री बोलला.

आता उरला रस्ता. आमची जमीन काळी, कापसाची. तिच्यातली माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते; त्यामुळे डांबरी रस्ता वरून गुळगुळीत असला तरी दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. दारव्हा, आर्णी, पुसद, कुठल्याही बाजूनं दिग्रसला या, गाडी होडीसारखी डुलते. त्यात गतिरोधक. प्रमाण मानलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. गावागावांत मात्र रात्रीतून उभे राहिलेले आखूड, उंच डोंगर असतात. लहान गाडीचं पोट जमिनीपासून सुमारे १७ सेंटिमीटरवर. चार गेले, उरले १३. उतरताना गाडी आणखी चार दबली की उरले ९. प्रमाणातल्या गतिरोधकावरही चेंबर घासणार. ऑइल सांडलं की इंजिन जाम व्हायला काही मिनिटं पुरतात.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण या दिवसांत अनेक घरांतली पोरं हेच करतायत. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा १८९व्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैलांच्या शर्यतीला परवानगी, पट्टी, अटी, पशुवैद्य सगळं लागतं; बायपासवर रात्री अकराला गाड्या सोडणाऱ्यांना काहीच लागत नाही, हे मला विचित्र वाटतं. पुतण्या म्हणाला, तो बायपासवर कधी गेला नाही. मी विचारलं नव्हतं.

भाऊबीजेनंतर मूळ स्प्रिंगांची नवी जोडी यवतमाळहून मागवली. कापलेली स्प्रिंग पुन्हा लांब होत नाही. मिस्त्रीनं दुपारभर बसून त्या चढवल्या, जॅकवर गाडी उचलून मला आणि त्याला दोघांनाही हातानं फिरवून पाहायला लावल्या; हलल्या नाहीत. गाडी परत चार बोटं वर आली. वहिनी म्हणाल्या, "भरली वाटते हवा."

कापलेले वेढे पुतण्यानं डिकीत जपून ठेवले होते, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नाही. मिस्त्रीनं ते मागून घेतले. आता ते त्याच्या टेबलावर असतात, पंख्याच्या वाऱ्यानं बिलं उडू नयेत म्हणून. येत्या हिवाळ्यात धावपट्टी मिळाली तर पुतण्या तीच गाडी घेऊन जाणार आहे, स्टेपनी आणि स्पीकर दोन्ही घरी ठेवून.